बीपीची गोळी, प्लेटलेट आणि पानथरी



बेणे, लागण, खते, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम हे आमच्या विभागाचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र आम्ही बांध ओलांडून थोडे पलीकडे जाणार आहोत. त्याचे कारणही तुम्हीच दिले आहे. उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात येणारा सभासद हल्ली सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर खिशातून आणखी एक घडी घातलेला कागद काढतो. तो असतो रक्त तपासल्याचा रिपोर्ट. "साहेब, जरा वाचून सांगा बरं. प्लेटलेट कमी आहेत म्हणे. बीपीच्या गोळीनं असं होतं, असं आमचे साडू म्हणतात. मग गोळी बंद करून टाकू का?"

बिडकीन, चितेगाव, ढोरकीन, निलजगाव या पट्ट्यात हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला की, तो एकदा सर्वांसमोर घेतलेला बरा असे वाटले. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. पण विचारणाऱ्याला "आम्हाला काय ठाऊक" म्हणून वाटेला लावणेही बरे नाही. म्हणून जाणत्या डॉक्टरांजवळ बसून, पुस्तके चाळून जे समजले ते आपल्या भाषेत मांडत आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गोळी बंद करायची की बदलायची, हे ठरवण्याचा अधिकार साडूचा नाही आणि ऊस विकास अधिकाऱ्याचाही नाही. तो डॉक्टरांचा. आपले काम एवढेच की, डॉक्टरांना काय विचारायचे आणि काय सांगायचे हे नीट समजून घेणे.

दाब कशाचा, आणि भीती कशाची?

ठिबकच्या नळीत दाब ठरलेल्या मापात असला की पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोहोचते. दाब वाढला की जिथे नळी कमजोर असेल तिथे ती फुटते किंवा जोड निखळतो. शरीरातही काळीज म्हणजे पंप आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइपलाइन. हा दाब वरचा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वारंवार भरू लागला की त्याला आपण 'बीपी झाला' म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा २४ आणि स्त्रियांपैकी शेकडा २१ जणांचा दाब वाढलेला आढळला, किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे आपल्या वार्षिक सभेला चार सभासद एका ओळीत बसले, तर त्यातला एक बीपीचा धरायला हरकत नाही.

या दुखण्याची खोड अशी की ते दुखत नाही. हुमणी जशी जमिनीखाली मुळे खाते आणि वरून ऊस हिरवा दिसतो, तसे आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून माणूस गोळी सोडून देतो. आत मात्र मेंदूची नस, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा आणि काळीज यांच्यावर ताण चालूच असतो. मग एक दिवस तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. त्यालाच आपल्याकडे लकवा म्हणतात. गोळी सोडण्याची खरी किंमत ही आहे. प्लेटलेटचा विचार करताना ही किंमत तराजूच्या एका पारड्यात कायम ठेवायची.

प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत

आपल्याकडे डेंग्यूच्या साथीत सर्रास बोलले जाते, "त्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या." बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा प्लेटलेट असतात. दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. रक्तात तीन प्रकारचे कण असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. आणि प्लेटलेट, ज्यांना मराठीत बिंबिका म्हणतात, त्या रक्त थांबवतात. पाटाला भगदाड पडले की पहिली माणसे धावतात आणि मातीची पोती टाकून पाणी अडवतात, नंतर पक्के काम होते. प्लेटलेट म्हणजे ती पहिली पोती. कोयता लागला, खरचटले, की त्या जखमेला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि बोळा तयार होतो. त्यावर मग रक्ताची पक्की गाठ बसते.

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे एका बारीकशा थेंबुकल्यात, दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्या हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. म्हणजे रोज नवा माल येत असतो आणि रोज जुना जात असतो. रिपोर्टमधला आकडा हा त्या दिवसाचा शिल्लक साठा आहे. तो दीड लाखाच्या खाली एक लाख तीस हजार आला म्हणून लगेच रक्त वाहू लागत नाही. ५० हजारांच्या वर आकडा असेल आणि दुसरा काही दोष नसेल, तर साधारणपणे आपोआप रक्तस्राव होत नाही. खरा धोका आकडा २० हजारांच्या खाली, त्यातही १० हजारांच्या खाली गेला की वाढतो. अर्थात आकडा कमी आलाच असेल तर तो का आला, हे शोधलेच पाहिजे.

पानथरी : शरीराचे यार्ड

पोटाच्या डाव्या बाजूला, फासळ्यांच्या आड, एक मूठभर अवयव असतो. जुनी माणसे त्याला पानथरी म्हणतात, पुस्तकात प्लीहा म्हणतात. मोठ्या माणसाची पानथरी साधारण दीडशे ग्रॅम भरते आणि निरोगी असताना हाताला लागत नाही. पूर्वी हिवतापाच्या साथीत मुलांची पोटे फुगलेली दिसत, ती पुष्कळदा वाढलेल्या पानथरीमुळे.

ही पानथरी दोन कामे करते. पहिले काम यार्डाचे. गाळपाच्या दिवसांत आपल्या कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या उभ्या असतात, काही रस्त्यावर असतात. तसे शरीरातल्या एकूण प्लेटलेटपैकी सुमारे एकतृतीयांश प्लेटलेट कोणत्याही वेळी पानथरीत उभ्या असतात, बाकीच्या रक्तात फिरतात. आता समजा, यार्डच दुप्पट-तिप्पट मोठे झाले आणि गाड्या आत अडकून पडल्या. रस्त्यावर मोजणाऱ्याला गाड्या कमी दिसतील. पण गाड्या कमी झालेल्या नाहीत, त्या आत आहेत. पानथरी वाढली की हेच होते. फार वाढलेल्या पानथरीत दहापैकी आठ-नऊ प्लेटलेट अडकू शकतात आणि रिपोर्टमध्ये आकडा घसरतो.

दुसरे काम तपासणीचे. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी, ज्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, त्या इथे बाजूला काढल्या जातात. ज्या पेशीवर शरीराच्या संरक्षण यंत्रणेने 'ही परकी आहे' अशी खूण केली असेल, तीही इथेच मोडीत निघते. पानथरी खूण पाहते, पेशी चांगली की वाईट हे पाहत नाही. गेटवरच्या वॉचमनला चुकीची चिठ्ठी लावलेली चांगली गाडी दिली, तर तो ती परत पाठवणारच. त्यात वॉचमनचा दोष नाही, चिठ्ठी लावणाऱ्याचा आहे. काही औषधे क्वचित प्रसंगी ही चुकीची चिठ्ठी लावायला कारण होतात. आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

मुंबईच्या डॉक्टरांची आणि सर्पगंधाची हकीकत

बीपीच्या गोळीचा आणि प्लेटलेटचा संबंध पहिल्यांदा ध्यानात आला, त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. त्या काळी बीपीवर धड औषध नव्हते. आपल्या वैद्यकात मात्र सर्पगंधा नावाच्या झुडपाचे मूळ निद्रानाशावर, वेडावर आणि सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाबावरही चालते असे लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते आपल्या रुग्णांना वर्षानुवर्षे देऊन पाहिले, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ५० रुग्णांवरील निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या विलायती मासिकात छापले. त्यानंतर सगळ्या जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले.

आता प्लेटलेटचा भाग. प्लेटलेटच्या पोटात सेरोटोनिन नावाच्या रसायनाची छोटी कोठारे असतात. जखमेच्या जागी ते बाहेर टाकले जाते. रिसर्पिन या कोठाराचे दार निकामी करते, माल आत राहत नाही आणि कोठार रिकामे पडते. मेंदूतल्या पेशींतही हेच घडते. अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील संशोधकांनी पन्नासच्या दशकात हे दाखवून दिले. मग साहजिक शंका आली की, कोठार रिकामे झालेल्या प्लेटलेट रक्त थांबवतील का? १९५६ साली त्यांनीच छापलेल्या निबंधात उत्तर होते की, रिसर्पिनने प्लेटलेटमधले सेरोटोनिन निघून गेले तरी रक्त थांबायला लागणारा वेळ वाढला नाही.

या हकीकतीतून आपल्याला घेण्यासारखे काय, तर औषधाचा प्लेटलेटवर परिणाम होणे ही एक गोष्ट आणि त्यामुळे माणसाला अपाय होणे ही दुसरी गोष्ट. पहिली दिसली म्हणून दुसरी झालीच, असे धरून चालता येत नाही. रिसर्पिन पुढे मागे पडले, ते प्लेटलेटमुळे नव्हे. त्याने काही रुग्णांना उदासी येई, नाक चोंदे, गुंगी राही, आणि दरम्यान चांगली औषधे निघाली. म्हणून कोणी सर्पगंधाची मुळी आणून उगाळून घेण्याच्या फंदात पडू नये, हेही जाता जाता सांगतो. मुळीत औषध किती आहे याचे माप नसते, आणि मापाशिवायचे औषध म्हणजे मीटर नसलेली मोटार.

गोळी खरोखर कुठे खोडी करते?

बीपीच्या गोळ्यांचे अनेक गट आहेत आणि सगळ्यांना एका दावणीला बांधून चालत नाही. आपल्या प्रश्नापुरते ठळक गट पाहू.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ज्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन येतात, त्या १९५७-५८ पासून वापरात आल्या. या गटात प्लेटलेट कमी होण्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, पण ती विरळा. क्वचित एखाद्याच्या शरीरात या औषधामुळे प्लेटलेटवर ती चुकीची चिठ्ठी लागते आणि पानथरी त्यांना मोडीत काढते. औषधाने अशी चिठ्ठी लागण्याचा प्रकार तसा जुना आहे. हिवतापाच्या क्विनीनने अंगावर रक्ताचे डाग उठल्याची नोंद १८६५ सालची आहे. असे झाले तर ते बहुधा नवे औषध सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत होते, आकडा एकदम खाली जातो, पुष्कळदा २० हजारांच्याही खाली, आणि ते औषध थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात परत चढू लागतो. तेव्हा ज्याला पाच वर्षे तीच गोळी चालू आहे आणि आकडा एक लाख वीस हजार आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टर आधी दुसरी कारणे शोधतात, ते उगीच नव्हे.

दुसरे औषध मिथाइलडोपा. आज ते मुख्यतः गरोदर बायांच्या बीपीसाठी वापरतात. यात चिठ्ठी लागते ती प्लेटलेटला नव्हे, बहुतेक वेळा तांबड्या पेशींना. १९६६ साली लंडनच्या डॉक्टरांनी हे दाखवले. हे औषध काही महिने घेणाऱ्या शंभरातल्या दहा-वीस जणांच्या तपासणीत तांबड्या पेशींवर खूण दिसते. या तपासणीला कूम्ब्स टेस्ट म्हणतात. पण प्रत्यक्ष रक्त मोडून अंगावर पिवळेपणा आणि पांढुरकेपणा येतो तो शंभरात एकालाही नाही. ज्याला येतो त्याच्या तांबड्या पेशी पानथरीतच मोडतात आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत मोड थांबते. पाहा, इथेही तेच दिसते. खूण पुष्कळांना, अपाय थोड्यांना.

तिसरा गट आज आपल्या गावोगाव सर्वांत जास्त चालणाऱ्या गोळ्यांचा, म्हणजे अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. या दोन्हींच्या माहितीपत्रकात प्लेटलेट कमी होण्याचा उल्लेख 'विरळा' किंवा 'फार विरळा' या सदरात आहे. अम्लोडिपिनने पायाच्या घोट्याला सूज येणे हा त्यापेक्षा कितीतरी नेहमीचा त्रास. सूज आली तर जरूर सांगावे, गोळी बदलता येते.

थोडक्यात, बीपीच्या गोळीने प्लेटलेट कमी होऊच शकत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. होऊ शकतात. पण रिपोर्टमध्ये आकडा कमी आला की पहिला संशय गोळीवर घेणे म्हणजे ऊस पिवळा पडला की खताच्या दुकानदाराशी भांडायला जाण्यासारखे आहे. पान पिवळे पडते ते लोहाच्या कमतरतेने पडेल, निचरा नसल्याने पडेल, मुळाशी हुमणी असल्याने पडेल. आम्ही प्लॉटवर आलो की आधी बेट उपटून मूळ बघतो, माती बघतो, मग सांगतो. डॉक्टरही तसेच करतात.

मग आकडा कमी का येतो?

आपल्या भागात पुढची कारणे जास्त वेळा निघतात.

पहिले, ताप. डेंग्यू, हिवताप, विषाणूचे इतर ताप यांत प्लेटलेट उतरतात आणि ताप बरा झाल्यावर चढतात. पाण्याचे टाके, टायर, नारळाच्या करवंट्या, कूलर यांत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे घर. डेंग्यूमध्ये बीपी उलट खाली जाऊ शकतो. म्हणून तापात डॉक्टर काही दिवस बीपीची गोळी कमी किंवा बंद करतात. ती तेवढ्यापुरती असते. ताप गेल्यावर गोळी कधी सुरू करायची हे विचारून घ्यायला विसरू नका. "डेंग्यूत डॉक्टरांनी बंद केली होती, ती बंदच आहे," असे सांगणारे लोक आम्हाला भेटले आहेत.

दुसरे, यकृत म्हणजे लिव्हर. दारूने किंवा काविळीच्या ब आणि क विषाणूंनी यकृत कडक झाले की आतड्याकडून आणि पानथरीकडून येणारे रक्त पुढे सरकत नाही. पाट पुढे तुंबला की पाणी मागे शेतात चढते, तसा रक्ताचा दाब मागे पानथरीत चढतो, ती वाढते, आणि मघाशी सांगितलेले यार्ड मोठे होते. ज्याच्या प्लेटलेट वर्षानुवर्षे हळूहळू उतरत आहेत, त्याची पोटाची सोनोग्राफी डॉक्टर का करायला सांगतात, ते आता कळले असेल. इथे एक गमतीची गोष्ट आहे. हा आतला दाब उतरवायला ज्या गोळ्या देतात, त्या प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल, मुळात बीपीच्याच गोळ्या. १९८० साली पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलचा हा उपयोग दाखवला. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ नये म्हणून ती दिली जाते. अशा माणसाने "प्लेटलेट कमी आहेत, बीपीची गोळी नको" म्हणून ती सोडली, तर जी गोळी रक्तस्रावापासून राखत होती तीच त्याने फेकली असे होईल.

तिसरे, मशीनचा घोटाळा. रक्त ज्या बाटलीत घेतात त्यात ते गोठू नये म्हणून एक रसायन असते. काही जणांच्या प्लेटलेट त्या रसायनात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मोजणारे मशीन गठ्ठ्याला एकच दाणा समजते आणि आकडा खोटाच कमी येतो. शरीरात काहीही दोष नसतो. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, किंवा दुसऱ्या रसायनाच्या बाटलीत रक्त घेतले, की उलगडा होतो. वजनकाट्यावर शंका आली तर आपण दुसऱ्यांदा गाडी घालतो ना? तसेच डॉक्टरांना विचारावे, "साहेब, एकदा स्लाइड बघून खात्री करता येईल का?"

चौथे, अंगदुखीच्या गोळ्या. ऊस बांधणी, तोडणी, भरणी यांत कंबर आणि गुडघे धरतात. मग किराणा दुकानातून किंवा मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्या प्लेटलेटचा आकडा सहसा कमी करत नाहीत, पण त्यांचा चिकटण्याचा गुण कमी करतात. वर बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा गुण घालवतात आणि मूत्रपिंडावर ताण देतात. म्हणजे शेतकऱ्याच्या दोन्ही पारड्यांत नुकसान. डेंग्यूच्या तापात तर त्या घेऊच नयेत. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या मापाने.

पाचवे, अ‍ॅस्पिरिन. काळजाचा झटका येऊन गेलेल्या किंवा नळी बसवलेल्या लोकांना बीपीच्या गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी असते. तिला लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात आणि पुष्कळ घरी ती बीपीच्याच डबीत पडलेली असते. ती एकदा घेतली की त्या प्लेटलेटचे चिकटणे तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवसांपर्यंत, मंदावते. हिरडीतून रक्त आले, अंगावर सहज निळे डाग उठले, तर दोष बीपीच्या गोळीचा की या गोळीचा, हे डॉक्टरच सांगतील. तीही स्वतःहून सोडायची नाही. नळी बसवलेल्या माणसाने ती एकाएकी सोडणे फार धोक्याचे.

एकाएकी सोडली तर?

काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतो. क्लोनिडिन ही त्यातली एक. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गटातल्या गोळ्या एकदम सोडल्या तर काळजाचे ठोके वाढतात आणि आधीच काळजाचे दुखणे असलेल्याला झटक्याचा धोका राहतो. फाटकाचे दार एकदम उघडले तर पाट फुटतो, म्हणून कालव्यावरचा माणूस ते टप्प्याटप्प्याने उघडतो. गोळी सोडायचीच असेल तर तीही डॉक्टरांच्या हाताने, टप्प्याटप्प्याने, आणि बहुतेक वेळा तिच्या जागी दुसरी देऊन. बीपीच्या गोळ्यांचे इतके गट आज उपलब्ध आहेत की एक सोसली नाही म्हणून माणूस औषधाविना राहावा, अशी वेळ सहसा येत नाही.

सभासदांनी एवढे करावे

१. उसाच्या नोंदीची वही ठेवता तशी बीपीची वही ठेवा. तारीख, दाबाचा आकडा, चालू गोळीचे नाव आणि ती कधी सुरू केली, एवढे लिहा. रक्ताचे जुने रिपोर्ट त्याच वहीत घाला. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा दोन वर्षांचे चार आकडे जास्त बोलके असतात.

२. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. अंगदुखीच्या, आयुर्वेदिक, झाडपाल्याच्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, सगळ्या. "काही घेत नाही" म्हणून डॉक्टरांची दिशाभूल करू नका.

३. प्लेटलेट कमी आल्या तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आकडा पुन्हा तपासून खरा आहे ना? ताप किंवा यकृताचे काही आहे का? पानथरी वाढली आहे का? चालू गोळ्यांपैकी कोणावर संशय आहे का?

४. पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके उठले आणि दाबून ते नाहीसे झाले नाहीत, नाकातून किंवा हिरडीतून रक्त थांबेना, शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, तर थांबू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट घाटीत जा.

५. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा. गाठीने आलेल्या लकव्यात गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यात बिडकीनहून छत्रपती संभाजीनगरला पोहोचायचा आणि तपासणीचा वेळ धरायचा असतो. देवर्षी, मांत्रिक, तेलमालिश यात तो घालवू नका.

६. मिठाचा हात आखडा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा सपाट, याच्या आत सगळे मीठ बसले पाहिजे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, शेव हेही त्या चमच्यात मोजायचे. तंबाखू आणि दारू यांच्याविषयी आम्ही वेगळे काय सांगावे!

माउलींनाही एक विनंती. घरच्या पुरुषाचा बीपी मोजायला तुम्ही आग्रह धरता, पण स्वतःचा हात कधी पुढे करत नाही. पाहणीतला शेकडा २१ चा आकडा तुमचाच आहे. सुनेला दिवस गेले असतील तर तिचाही दाब दर तपासणीला मोजलाच पाहिजे. तिला मिथाइलडोपा चालू असेल तर ती भीतीने टाकून देऊ नये. आई आणि पोटातले बाळ या दोघांचे त्यात हित आहे.

उसाचे पीक बारा ते अठरा महिन्यांचे. त्यात एखादे पाणी चुकले तर खोडव्यात भरून काढता येते. माणसाच्या शरीराला खोडवा नाही. तेव्हा रिपोर्ट हातात आला, मनात धास्ती बसली, तरी रात्रीची गोळी त्या रात्री घ्या आणि सकाळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. गट ऑफिसात आलात तर आम्ही कागद वाचून दाखवू, दवाखान्याची चिठ्ठी समजावून सांगू. पुढच्या अंकात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयावर, खोडव्यातील पाचट न जाळता कुजवण्याच्या पद्धतीवर बोलू.

— ऊस विकास विभाग